विहिरीतला जांभळा गोटा, उनकेश्वरचं गरम पाणी आणि रेअर अर्थ: खरं काय, थाप काय?

धुऱ्यावरचा_माणूस

नमस्कार मंडळी. केळापूर तालुक्यात आमची आठ एकर. यंदा एप्रिलात विहीर पन्नास फुटांवरून सत्तरवर नेली. पासष्टाव्या फुटाला काळ्या पाषाणात नारळाएवढी पोकळी लागली. आतून सगळे जांभळे, काचेसारखे खडे. यारीवरच्या पोरांनी चार-पाच तुकडे वाटून घेतले, मोठा गोटा मी घरी आणला. आईनं तो पापडाचं प्लास्टिक उडू नये म्हणून वजन ठेवला.

मागच्या आठवड्यात पानठेल्यावर एक गृहस्थ भेटले. शर्ट इन, हातात फाईल. त्यांना गोट्याचं कुठून कळलं देव जाणे. म्हणाले, "हा फ्लोराईट आहे. यात रेअर अर्थ असतं. तुमच्या जवळ उनकेश्वरला जमिनीतून गरम पाणी निघतं ना, तेच पाणी खालून रेअर अर्थ घेऊन येतं आणि दगडात सोडतं. तुमचं शेत त्याच पट्ट्यात आहे." तपासणी आणि कागदपत्रांचे पंधरा हजार मागतात. चीननं माल अडवला, आता भाव आलाय वगैरे.

मी नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. पोरगी अकरावी सायन्सला आहे. तिनं जेवताना एकच विचारलं, "बाबा, पाणी ते घेतं कशाला, आणि घेतलं तर मग सोडतं कशाला?" मला काही सांगता आलं नाही. इथं जाणकार आहेत म्हणून विचारतो.

खर्रा_बंद

पंधरा हजार पानठेल्यावर मागतो तो माणूस स्वतःच रेअर अर्थ हाये.

वऱ्हाडी_ठेचा

दुर्मिळ म्हणजे दिवसा येणारी थ्री फेज लाईट. बाकी सगळं मुबलक.

निवृत्त_मास्तर

वऱ्हाडी ठेचा, विनोद झाला पण मुद्दा बरोबर आहे. रेअर अर्थ म्हणतात ती मूलद्रव्यं नावाइतकी दुर्मिळ नाहीत. पृथ्वीच्या कवचाच्या वरच्या थरात त्यातलं सेरियम तांब्यापेक्षा जास्त आहे. त्यातलं अगदी मागच्या बाकावरचं ल्युटेशियमसुद्धा सोन्याच्या शेकडो पट. अडचण अशी की ती एका जागी गोळा होत नाहीत, सगळीकडे चिमूटचिमूट पसरलेली असतात. मराठीत त्यांना 'दुर्मिळ मृदा' म्हणतात, त्या 'मृदा' शब्दानंही घोळ होतो. जुन्या रसायनशास्त्रात पाण्यात न विरघळणाऱ्या, तापवून न बदलणाऱ्या ऑक्साईडला 'अर्थ' म्हणत. काळ्या मातीशी त्याचा संबंध नाही. १७८७ मध्ये स्वीडनमधल्या इटरबी गावच्या खाणीत एक जड काळा दगड सापडला, १७९४ मध्ये गाडोलिननं त्यातून नवी 'मृदा' वेगळी केली, तिथून ही वंशावळ सुरू. त्या एका खेड्याच्या नावावरून यट्रियम, यटर्बियम, टर्बियम, अर्बियम अशी चार मूलद्रव्यं आहेत. आपल्या गावाच्या नावानं पोस्टाचा शिक्का धड उमटत नाही!

रूपांतरित

पोरीच्या प्रश्नासाठीच लॉगिन केलं. गेली काही वर्षं मी याच विषयात आहे, मूळ गाव उमरेडकडचं.

'घेतं कशाला' हे आधी. रेअर अर्थ म्हणजे लॅन्थॅनमपासून ल्युटेशियमपर्यंत पंधरा जण आणि यट्रियम, स्कँडियम हे दोन पाहुणे. बहुतेक वेळा प्रत्येकाच्या अंगावर तीन धन प्रभार असतो, आणि लॅन्थॅनमकडून ल्युटेशियमकडे जाताना आकार थोडाथोडा आटत जातो. खनिजात भोवती सहा अणू शेजारी असतील तर १.०३ अँगस्ट्रॉमवरून ०.८६ वर येतो, म्हणजे एवढ्या मोठ्या कुटुंबात थोरल्या-धाकट्यात फरक सहाव्या हिश्शाचा. तेवढ्या फरकावर पुढचा सगळा खेळ चालतो.

साधं पाणी यांना फारसं नेत नाही. नेणारा सोबती लागतो, तो म्हणजे पाण्यात विरघळलेल्या मिठातला क्लोराईड. आता थंड मीठपाण्यात हीच जोडी काही टिकत नाही, कारण पाण्याचे रेणू दोघांना अलग धरून ठेवतात. पाणी तापलं की त्याची ही पकड सुटते. प्रभार अलग धरायची ही ताकद पदार्थविज्ञानात डायइलेक्ट्रिक स्थिरांकानं मोजतात, २५ अंशाला तो ८० च्या जरा खाली असतो, ३०० अंशाला २० वर येतो. मग रेअर अर्थ आणि क्लोराईड एकमेकांना घट्ट धरतात आणि पाण्याबरोबर मैलोगणती फिरतात. म्हणून लागतं काय? खूप उष्णता, भरपूर मीठ, आणि पाणी आम्लाकडे झुकलेलं. खाली दाब इतका असतो की ३०० अंशालाही पाण्याची वाफ होत नाही. आपल्या घरच्या कुकरमध्ये दुप्पट दाबाला १२० अंश गाठतं, तेच पुढं न्या.

'सोडतं कशाला' हे उद्या लिहितो, पोरं झोपवायची आहेत.

शंकेखोर

उद्या कशाला, मीच सांगतो. फ्लोराईट म्हणजे कॅल्शियम फ्लोराईडचं खनिज, आणि त्यात रेअर अर्थ सापडतं ही गोष्ट खरी आहे. मग ते फ्लोराईडच घेऊन येत असणार ना? फाईलवाला अगदीच चुकीचं बोलत नाहीये. मी एका जुन्या पुस्तकात 'फ्लोराईड संकुलांद्वारे वहन', म्हणजे फ्लोराईडशी जोडी जमवून, असंच वाचलंय.

कपाशी_आणि_कर्ज

आमच्या गावात हातपंपाच्या पाण्यात फ्लोराईड जास्त निघालं, तांबडा रंग मारून ठेवलाय पंपाला. पोट्ट्यांचे दात पिवळे. या हिशोबानं आमच्या पंपातून टर्बियम यायले पाह्यजे.

रूपांतरित

शंकेखोर, तुम्ही वाचलं ते खरं आहे. बरीच वर्षं सगळे तसंच मानत होते. २५ अंशाला मोजलं तर रेअर अर्थला फ्लोराईड क्लोराईडपेक्षा कितीतरी घट्ट धरतो, म्हणून लोकांनी कागदावर हिशोब करून तोच नेत असणार असं ठरवलं. पुढं मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात विल्यम्स-जोन्स, मिग्दिसोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद भांड्यात प्रत्यक्ष उकळून मोजलं, तेव्हा चित्र उलटं निघालं. एक तर गरम आम्लधर्मी पाण्यात बराचसा फ्लोराईड हायड्रोजनच्याच गळ्यात पडलेला असतो, मोकळा राहतच नाही. आणि जो मोकळा असतो तो रेअर अर्थला इतकं घट्ट धरतो की दोघं मिळून घन होऊन खाली बसतात.

म्हणजे फ्लोराईड हा गाडीवान नाही, वेशीवरचा सावकार आहे. क्लोराईडची गाडी माल घेऊन येते, सावकार माल उतरवून घेतो. फॉस्फेट तर त्याहून कडक. क्लोराईडबरोबर सल्फेटही माल नेऊ शकतो. त्यामुळे एखाद्या दगडात फ्लोराईड आणि रेअर अर्थ एकत्र दिसले तर ते एकत्र *आले* असं नाही, तिथं *भेटले* असं समजायचं.

सोडायची कारणं मुख्यतः अशी. पाणी थंड झालं की जोडी सुटते. वरून मुरलेलं गोडं पाणी मिसळलं की मीठ पातळ होतं. चुनखडीला भिडलं की आम्ल मरतं. आणि वाटेत फ्लोराईड, फॉस्फेट किंवा कार्बोनेट भेटलं की संपलंच. प्रत्यक्षात हे बऱ्याचदा थोड्याच जागेत होतं, म्हणून खाणकामाला पुरेल असा साठा मैलभराच्या डोंगरात एखाद्या पट्टीतच सापडतो.

खर्रा_बंद

चुनखडी लागली की आम्ल मरते हे समजलं. आमच्या खर्ऱ्यात चुना जास्त झाला की तोंडच मरते.

झाडीतला

कपाशीभाऊ, आमच्या इकडं पन तेच पानी. फ्लोराईडची चांगली हद्द लिटरला १ मिलिग्राम, दुसरी सोयच नसंल तर दीडपर्यंत. हे रेअर अर्थवाले जाऊ द्या, आधी फिल्टर मागा.

रूपांतरित

झाडीतला यांच्याशी शंभर टक्के सहमत. कपाशीभाऊंच्या विनोदाचंही उत्तर देतो, त्यात चांगली गोष्ट लपलीय. हातपंपाचं पाणी थंड आणि जरा अल्कधर्मी असतं. तिथं क्लोराईडचा जोर चालत नाही, रेअर अर्थला थोडंफार कार्बोनेट सांभाळतं. प्रमाण इतकं सूक्ष्म की मोजायला लाखो रुपयांचं यंत्र लागतं. बाकी सगळं मातीच्या आणि लोखंडी गंजाच्या कणांना चिकटून बसलेलं.

अकोल्याचा_वाइंडर

माझा धंदा मोटर रिवाइंडिंगचा. पूर्वी पंपाची मोटर उघडली की तांबं आणि लोखंड. आता ई-स्कूटरची हब मोटर उघडतो तर आत गोल रांगेत चकचकीत मॅग्नेट चिकटवलेले. पकड अशी की पान्हा हातातून खेचून घेते, माझं एक बोट त्यात चेमटलंय. हे निओडिमियमचे. मॅग्नेट गरम झाला की ताकद जाते, म्हणून त्यात डिस्प्रोशियम, टर्बियम थोडं टाकतात असं कंपनीच्या ट्रेनिंगला सांगितलं होतं. उन्हाळ्यात आमच्याकडे ४४ अंश असताना हे पटतं. डीजेच्या स्पीकरमध्येही तेच.

चीनचं खरं आहे पण. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी सात प्रकारांवर परवान्याची अट लावली, डिस्प्रोशियम आणि टर्बियम त्यात आहेत. निओडिमियम त्या सातांत नव्हतं. तरी मॅग्नेट अडकले, कारण उष्णता सोसणाऱ्या मॅग्नेटमध्ये ही दोन बहुधा असतात.

शंकेखोर

वाइंडर भाऊ, हे महत्त्वाचं सांगितलंत. हलकी आणि जड अशी वाटणी आहे ना यांची? मग गरम पाणी दोघांना सारखंच नेतं का?

रूपांतरित

नाही, आणि इथंच खरी मजा आहे. तापमान वाढलं की क्लोराईड हलक्या भावंडांना, म्हणजे लॅन्थॅनम, सेरियम, निओडिमियमला जास्त घट्ट धरतो, जडांना, म्हणजे डिस्प्रोशियम, टर्बियम वगैरेंना, कमी. त्यामुळे गरम खारट पाण्याची गाडी निघाली की हलकी मंडळी लांब जातात, जड मागे राहतात. एकाच डोंगरात आतल्या भागात जडांचं प्रमाण जास्त आणि बाहेरच्या भागात हलक्यांचं, असं दिसतं ते त्यामुळे.

खनिजं पण आवडीनिवडीची. मोनाझाईट हलक्यांना जागा देतं. झेनोटाईम, झिरकॉन आणि गार्नेट जडांना. ॲपेटाईट मधल्यांना. जागेचं माप ठरलेलं असतं, त्या मापाच्या जवळचा आयन, म्हणजे प्रभार असलेला अणू, आरामात बसतो, मोठा किंवा लहान असेल तर खनिजाला ताण येतो. कोणत्या मापाचा आयन किती बसला याचा आलेख काढला तर उलट्या परडीसारखी कमान येते. त्यात अडचण अशी की बहुतेक वेळा जागा कॅल्शियमची असते, त्याच्या अंगावर दोन प्रभार. तीनवाला बसला तर एक जास्तीचा झाला, मग शेजारी सोडियमसारखा एकवाला बसवून हिशोब जुळवावा लागतो. दोघं मिळून तिकीट काढतात.

तुमसरची_पोर

हे कमानीचं चित्र मी पहिल्यांदाच समजून घेतलं, कॉलेजात फक्त पाठ केलं होतं 😄

आमच्या भागात मॅंगनीज. बाबा खाणीत होते, आमच्या अंगणात तुळशीच्या कठड्यालाही काळे दगड. सौसर गट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खडकांत हे धातुक, आणि तिथला गार्नेट-क्वार्ट्झचा खडक 'गोंडाईट'. गोंड समाजाच्या नावावरून फर्मर नावाच्या भूवैज्ञानिकानं १९०९ च्या सुमारास ते नाव दिलं. जगभरच्या पुस्तकात आपल्या जंगलातल्या माणसांचं नाव आहे हे शाळेत कुणी सांगितलं नाही.

तर मुद्दा. मॅंगनीज गरम झऱ्यातून बसलं की थंड समुद्राच्या पाण्यातून हळूहळू, हे ओळखायला रेअर अर्थ वापरतात. त्यातला सेरियम एकटा ऑक्सिजन भरपूर असेल तर चार प्रभारांचा होतो आणि मॅंगनीजला चिकटून बसतो. समुद्रतळावर लाखो वर्षांत वाढलेल्या गोळ्यांमध्ये, रेअर अर्थचा आलेख काढला तर, सेरियम वर उचललेला दिसतो. गरम झऱ्यांजवळ झटपट बसलेल्या मॅंगनीजमध्ये रेअर अर्थ एकूणच कमी आणि सेरियमचा खड्डा. चिकटायला वेळच मिळालेला नसतो. आमचे दगड मात्र नंतर तापून-दबून बदललेत, त्यामुळे वाचताना जपून.

निवृत्त_मास्तर

सेरियमसारखा दुसरा घरभेदी युरोपियम. त्याला तीनऐवजी दोन प्रभारांवर राहायला आवडतं, विशेषतः गरम आणि ऑक्सिजन नसलेल्या ठिकाणी. अडीचशे अंशांच्या वर बहुधा तो दोनवालाच. मग तो स्ट्रॉन्शियमच्या मापाचा होतो आणि फेल्डस्पार या खनिजातल्या जागा त्याला फिट बसतात. गरम पाण्यानं फेल्डस्पार पोखरला की युरोपियम पाण्यात उतरतो. १९७९ मध्ये पॅसिफिकच्या तळाला काळा धूर ओकणारी नळकांडी सापडली, साडेतीनशे अंशांच्या वर तापलेलं पाणी. त्या पाण्याच्या आलेखात युरोपियमचा सुळका देवळाच्या कळसासारखा उभा. जुन्या रंगीत टीव्हीतला लाल रंग याचाच, हे पोरांना सांगितलं की वर्गातली मागची रांग जागी व्हायची.

वऱ्हाडी_ठेचा

मास्तर, आमच्या वेळी टीव्ही ब्लॅक अँड व्हाईट होता म्हणून आम्ही झोपून रायलो.

प्राची_सूक्ष्मदर्शी

रूपांतरित यांनी कुकर सांगितला, मी त्या कुकरमधलं पाणी पाहिलंय, म्हणून लिहिते.

एमएस्सीला असताना अंबाडोंगरचा फ्लोराईट कापून पातळ काच केली होती. हे गुजरातेत छोटा उदेपूरजवळ. दक्खनचा लाव्हा वाहत होता त्याच काळातला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा कार्बोनेटाइट, म्हणजे चुनखडीसारख्या घटकांचा अग्निजन्य खडक. त्यात गरम द्रवांनी फ्लोराईट बसवला, आणि रेअर अर्थही तिथं आहे. पानठेल्यावरच्या गृहस्थांनी बहुतेक याचीच गोष्ट ऐकून केळापूरला आणली असावी.

पातळ काच सूक्ष्मदर्शकाखाली घेतली की फ्लोराईटच्या आत टाचणीच्या टोकापेक्षा कितीतरी लहान थेंब दिसतात. स्फटिक वाढताना अडकलेलं मूळ पाणी. प्रत्येक थेंबात एक बुडबुडा, आणि तो सारखा थरथरत असतो, जणू जिवंत आहे. खालून हीटर हळूहळू वाढवायचा. बुडबुडा बारीक होत जातो आणि एका क्षणी नाहीसा. ते तापमान लिहून घ्यायचं, कारण साधारण तेवढ्या किंवा त्याहून जास्त उष्णतेला ते पाणी अडकलं होतं. पहिल्यांदा बुडबुडा गेला तेव्हा मी श्वास रोखून बसले होते, वीज गेली आणि सगळं पुन्हा करावं लागलं. दुसऱ्या एका खडकातल्या थेंबांमध्ये मिठाचा चौकोनी खडासुद्धा दिसला. पाणी इतकं खारट होतं की थंड होताना मीठ बाहेर पडलं. 'भरपूर मीठ लागतं' असं रूपांतरित म्हणतात ते असं डोळ्यांनी दिसतं.

शंकेखोर

प्राची, सुंदर. पण रूपांतरित, तुमच्या गाडीवान क्लोराईडवर एक आक्षेप. कार्बोनेटाइटमध्ये सगळं अल्कधर्मी, कार्बोनेटनं भरलेलं. तिथं आम्लधर्मी खारट पाण्याची गोष्ट कशी लावायची? कार्बोनेटपण माल नेतो असं अलीकडे लिहिलं जातंय.

रूपांतरित

मान्य, आणि हा आक्षेप मी स्वतः एका बैठकीत खाल्लाय. २०२० नंतरच्या प्रयोगांत दिसलं की सोडियम, पोटॅशियम भरपूर असलेल्या अल्कधर्मी गरम द्रवात कार्बोनेटच्या सोबतीनं रेअर अर्थ बऱ्यापैकी विरघळतं, जड भावंडंही जातात. म्हणजे 'फक्त क्लोराईडच' हे मी जरा जोरात बोललो. डोंगराप्रमाणे गाडीवान बदलतो. पण सावकाराबद्दल मी माघार घेत नाही: फ्लोराईड आणि फॉस्फेट हे उतरवून घेणारेच, निदान बहुतेक ठिकाणी.

आणि घेणं-सोडणं म्हणजे नुसतं वाहणं नव्हे, कधी एकाच दाण्यात दोन्ही होतं. स्वीडनमध्ये किरुना इथला ॲपेटाईट पाहा. गरम द्रव दाण्यात शिरतो, पुढच्या पायरीवर ॲपेटाईट विरघळतो, मागच्या पायरीवर लगेच नवा बसतो. बाहेरून दाण्याचा आकार तसाच, आतून माल बदललेला. नव्या ॲपेटाईटला रेअर अर्थ परवडत नाही, ते बाहेर पडतं आणि त्याच दाण्याच्या पोटात मोनाझाईटचे बारीक कण होऊन बसतं. घर तेच, भिंत पाडत पाडत बांधत गेले आणि जुनं सामान कोपऱ्यात एका पेटीत भरून ठेवलं, असं काहीसं.

कपाशी_आणि_कर्ज

ॲपेटाईट म्हणजे ज्याच्यापासून सुपर फॉस्फेट होते तेच ना? मग आमच्या पोत्यातपण हे असणार.

निवृत्त_मास्तर

असतंच, अल्प. आणि फॉस्फोरिक आम्ल करताना बरंचसं रेअर अर्थ उरलेल्या जिप्समच्या ढिगाऱ्यात जातं. आता लोक त्या ढिगाऱ्यांकडे डोळे लावून आहेत.

झाडीतला

दगडी कोळशाच्या राखेत पन म्हनतात. चंद्रपूरले राखेचे डोंगर हायेत. घरावर बसते ती आमाले फुकटच.

कपाशी_आणि_कर्ज

दुसरं एक वाचलं. चीनच्या दक्षिणेला डोंगरावर अमोनियम सल्फेट ओततात आणि खालून रेअर अर्थ गोळा करतात म्हणे. तेच सल्फेट आम्ही पऱ्हाटीला टाकतो! आमच्या शेतातून काय निघते मग?

रूपांतरित

तुमच्या शेतातून तण निघतं. 🙂 त्यांच्याकडची गोष्ट गरम पाण्याची नाही. ग्रॅनाईट पावसानं कुजून माती झाली, रेअर अर्थ मातीच्या कणांना वरवर चिकटून राहिलं. अमोनियम त्याची जागा घेतो आणि ते सुटतं. जड भावंडं जगाला बरीचशी अशा मातीतून मिळतात. पण त्या पद्धतीनं तिकडच्या ओढ्या-विहिरींत अमोनिया उतरला, डोंगर उघडे पडले. कापसाच्या शेतात तसला कुजलेला ग्रॅनाईट खाली नाही, बेसाल्ट आहे.

तुमसरची_पोर

सगळे ज्ञान पाजत बसलो, धुऱ्यावरच्या दादांचा गोटा बाजूलाच राहिला. दादा, फोटो टाका. आणि पोलादी चाकूनं एका कोपऱ्यात ओरखडा काढून बघा. खनिजांच्या १ ते १० च्या मोजपट्टीवर फ्लोराईटची कठिणता ४, चाकू साडेपाचच्या आसपास. ओरखडा उठला पाहिजे. गार, म्हणजे क्वार्ट्झ, असेल तर ७, चाकू घसरेल.

प्राची_सूक्ष्मदर्शी

स्फटिकाचा आकारपण पाहा. फ्लोराईट बहुधा ठोकळ्यासारखा, फुटला की सपाट तिरपे पापुद्रे. टोक सहा बाजूंनी निमुळतं असेल तर वेगळी गोष्ट.

धुऱ्यावरचा_माणूस

आज सकाळी केलं. पापड वाळत होते म्हणून आईनं गोटा द्यायला खळखळ केली, शेवटी बदली दगड दिला तेव्हा सोडला. विळ्यानं ओढलं, चाकूनं ओढलं. दगडावर काही नाही, उलट चाकूची लोखंडी रेघ उमटली, बोटानं पुसली गेली. मग पोरीनं त्याचं टोक फुटक्या आरशावर ओढलं, काचेवर कर्रकन ओरखडा. टोकं सगळी सहा बाजूंची, पेन्सिल तासल्यासारखी. रंग टोकाला गडद, बुडाला पांढरट.

प्राची_सूक्ष्मदर्शी

जमुनिया. म्हणजे ॲमेथिस्ट, गारेचाच जांभळा भाऊ. गारेत किंचित लोह असतं, त्यावर खडकातल्या नैसर्गिक किरणोत्साराचा परिणाम होऊन हा रंग येतो. बेसाल्टच्या पोकळ्यांत अकीक, झिओलाईट, कॅल्साईट आणि हा, असं सगळं सापडतं. लाव्हा निवताना वायूच्या फुग्यांची भोकं राहिली, नंतर खडकात फिरणाऱ्या कोमट-गरम पाण्यानं ती आतून सारवली.

रूपांतरित

आणि जागेच्या मापाचा नियम इथंच लावा. गारेत जागा सिलिकॉनची, ती इवलीशी, चार प्रभारांची. लॅन्थॅनमसारखा दांडगा तीनवाला तिथं बसणार कुठं? खनिजांमध्ये रेअर अर्थच्या बाबतीत गार म्हणजे जवळजवळ रिकामं घर. फाईलवाल्यानं नेमका असा दगड निवडला जिथं सगळ्यात कमी मिळेल.

उनकेश्वरचंही सांगतो. ते पाणी अंगाला सोसेल इतकं गरम, लोक त्यात आंघोळ करतात. तिथं खाली लाव्हा वगैरे काही नाही, दक्खनचा लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षं झाली. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, खोलीबरोबर किलोमीटरला साधारण २५-३० अंशांनी तापतं आणि वर येतं. सालबर्डीच्या गरम झऱ्याचंही तसंच. अशा पाण्यात ना ती उष्णता, ना तो खारटपणा. त्याच्या पिशवीत रेअर अर्थ आहे असं म्हणणं म्हणजे गावच्या ओढ्याला बंदराची गोदी समजणं.

आणि पट्ट्याचं: खनिजाचा पट्टा, म्हणजे खाणकामाचा परवाना, सरकार देतं, पानठेल्यावरचा माणूस नाही. पंधरा हजार घरात ठेवा.

शंकेखोर

म्हणजे माणसानं दोन खरी वाक्यं घेतली, गरम पाणी रेअर अर्थ नेतं आणि फ्लोराईटमध्ये ते सापडतं, आणि त्यांच्यामधून तुमचं शेत नेलं. अशा थापा ओळखायला फार अवघड जातात राव. पूर्ण खोटं असतं तर तुम्ही तिथंच उठला असता.

खर्रा_बंद

धुऱ्यावरचे, त्या माणसाले सांगा दगड दिला पण पापडाचे पंधरा हजार द्या.

धुऱ्यावरचा_माणूस

काल संध्याकाळी तो आला होता. पोरगीच पुढं झाली. म्हणाली, "काका, हा फ्लोराईट आहे ना, मग तुमच्या चाकूनं ओरखडा काढून दाखवा." तो हसला, म्हणाला हे लॅबमध्येच कळतं. ती म्हणाली, "काचेवर ओढून दाखवू?" आणि आरसा आणायला आत गेली. बाहेर आली तोवर गडी मोटरसायकलवर बसला होता.

रात्री जेवताना तिनं पुन्हा एक विचारलं. क्लोराईड गरम पाण्यात हलक्यांना घट्ट धरतो आणि जडांना कमी, हे का? उलट जड लहान, म्हणजे त्यांना जास्त घट्ट धरायला हवं ना? रूपांतरित, सवड झाली की सांगा, ती वाट पाहतेय.

रूपांतरित

बाप रे. बरोबर पकडलंय तिनं. लहान आयनाला पाण्याचे रेणूसुद्धा जास्त घट्ट धरून ठेवतात, क्लोराईडला आत शिरायला ते सोडवावे लागतात, आणि लहान आयनाभोवती मोठ्या क्लोराईडना दाटीवाटीनं बसायला जागाही कमी पडते. पण एवढ्यानं पूर्ण उत्तर होत नाही, आकृती काढावी लागेल. रविवारी वेगळा धागा काढतो. तिला वही घेऊन बसायला सांगा.

वऱ्हाडी_ठेचा

यारीवरच्या पोट्ट्यांनी बाकीचे खडे काय केले ते सांगा ना कोणी.

धुऱ्यावरचा_माणूस

एकानं गाडीच्या हँडलला बांधलाय, नजर लागू नये म्हणून. एकाच्या बायकोनं फिश टँकमध्ये टाकला. तिसरा कबूल करत नाही. आमचा परत पापडावर गेला.